वरचं काही चालू आहे का?

औषधाच्या दुकानात उभं राहून माझं आयुष्य गेलं. त्यातला बराचसा भाग स्वतःच्या डोक्यावर धड चार केस नसताना दुसऱ्यांना केस वाढवायचं औषध विकण्यात गेला. गिऱ्हाईक आधी बाटलीकडे बघायचं, मग माझ्या डोक्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. पिंपळे सौदागरच्या एका आयटीतल्या मुलानं एकदा सरळ विचारलं, "काका, हे तुम्ही स्वतः वापरता का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग द्या." त्यातली मेख मला रात्री जेवताना कळली, आणि एकटाच हसतोय म्हणून बायकोनं आमटी वाढायची थांबवून माझ्याकडे पाहिलं.

दुकान पिंपळे गुरवला, शाळेच्या कोपऱ्यावर. आता ते भाचा बघतो. संपादकांनी "काउंटरमागच्या गमती लिहा" म्हणून सांगितलं तेव्हा मी खुशीत हो म्हणालो, कारण स्वतःच्या फजितीचा माझ्याकडे कधीच तुटवडा नव्हता. पण लिहायला बसलो आणि एकच घर डोळ्यांपुढे येत राहिलं. त्या घरातली गोष्ट हसायची नाही. तिच्यापर्यंत जाताना वाटेत दोन-तीन गमती लागतील, तेवढ्या घ्या.

आधी धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. कंपन्या औषधांचे हजार प्रकार काढोत, काउंटरवर दोनच प्रकार असतात: आतलं आणि वरचं. पोटात जातं ते आतलं, अंगाला लागतं ते वरचं. चिठ्ठीवरची औषधं पिशवीत भरताना आम्ही बोट ठेवून सांगतो, ही सकाळ-संध्याकाळ आतली, ही ट्यूब वरची. शिकलेल्यालाही सांगायचं आणि न शिकलेल्यालाही. या एका शब्दावर आख्खा धंदा उभा आहे, आणि याच शब्दावर आम्ही सगळे एकदा तोंडावर आपटलो.

आता केसांचं. आमच्या भागात केस गळतात ते पाण्यामुळं, असं प्रत्येक जण सांगतो. टँकरचं पाणी, बोअरचं पाणी, सोसायटीच्या टाकीचं पाणी. चाकणला कामाला जाणारे त्यात हेल्मेटची भर घालतात. खरं कारण बहुतेक वेळा बापाच्या नाहीतर आईच्या घराण्यातून आलेलं असतं, पण तसं सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. पाण्यावर राग काढता येतो, आजोबांवर काढता येत नाही. हे गिऱ्हाईक कधी गर्दीत येत नाही. बाकीचे जाईपर्यंत टूथब्रश बघत उभं राहतं आणि मग हळूच म्हणतं, "ते… डोक्याचं द्या ना." मी मुद्दाम मोठ्यानं विचारायचो, "डोकं दुखतंय का?" वाईट खोड होती. बायको, म्हणजे मंगल, दुपारी माझ्यासोबत काउंटरवर बसायची, ती पायानं माझा पाय दाबायची.

या आजारावर डॉक्टर मुख्यतः दोन वाटा सांगतात. एक आतली. फिनास्टेराइडची गोळी. पुरुषाच्या अंगातलं एक संप्रेरक केसांची मुळं बारीक करत नेतं, त्याला ही गोळी आवरते. गोळी चांगली आहे, पण काही थोड्या लोकांना तिच्यामुळं नवरा-बायकोच्या बाबतीत त्रास होतो. थोड्यांनाच. पण चाकणच्या शिफ्टच्या बसमध्ये एकाला झाला की तो सगळ्या बसला झाल्यासारखा होतो. मग लोक उरलेल्या गोळ्या परत घेऊन येतात, पाकीट फोडलेलं असलं तरी, आणि म्हणतात, "पोटातलं नको काका, वरून लावायचं काही असेल तर बघा." मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवायचो आणि ते दुसरी वाट घेऊन यायचे: मिनॉक्सिडिलचं लोशन. हे मुळात रक्तदाबाचं औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांना नको तिथं केस उगवायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच पातळ करून टकलावर लावून बघू. तेव्हापासून ते बाटलीत आलं, मग फेसात आलं, फवाऱ्यात आलं. लावलं की आधी जरा जास्तच गळतात, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक भांडायला येतं. धीर धरला तर येतात. बंद केलं की आलेले निघून जातात. हे एवढं सांगून झालं की मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकायचो: "वरून लावायचं आहे हो, आत काही जात नाही." म्हटल्याबरोबर समोरच्याचे खांदे सैल व्हायचे. ते बघायला मला आवडायचं.

वाक्य तसं अगदी खोटं नव्हतं. आत फार थोडं जातं. पण 'फार थोडं' आणि 'काही नाही' यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात एक तान्हं बाळ मावतं, हे मला माहीत नव्हतं.

पहिली फजिती. लोशनच्या बाटलीसोबत ड्रॉपर येतो आणि खोक्यावर छापलेलं असतं, एक मिली, दिवसातून दोनदा. परभणीकडचा एक वेल्डर बाटली घेऊन गेला नाही, तिथंच उभा राहून खोकं वाचत बसला. मी दुसऱ्याचे सुट्टे पैसे मोजत होतो. त्यानं विचारलं, "जेवणाआधी का नंतर?" आयुष्यभराच्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "नंतर." तो बिचारा समाधानानं मान हलवून ड्रॉपर भरून तोंडाशी नेतोय, तेवढ्यात त्याला वास आला. "काका, ह्याला दारूचा वास यायलाय. माझा श्रावण चालू हाय." तेव्हा मी मान वर केली आणि काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. हे औषध प्यायलं तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस तिथंच आडवा व्हावा. त्याला श्रावणानं वाचवलं आणि मलाही. भाद्रपदात आला असता तर मी आज हे लिहीत नसतो.

दुसरी फजिती माझ्या स्वतःच्या डोक्याची. गिऱ्हाइकांच्या टोमण्यांना कंटाळून मीही गुपचूप लोशन लावायला लागलो. दुपारी दुकानामागच्या खोलीत, मंगलच्या नजरेआड, भरपूर ओतायचो आणि डाव्या कुशीवर पडून डुलकी काढायचो. ओघळ कुठं जातोय हे झोपलेल्या माणसाला कसं कळणार? काही महिन्यांनी डोकं होतं तसंच राहिलं, पण डाव्या गालाच्या हाडावर, डोळ्याखाली, काळी मऊ लव दिसायला लागली. दाढी करताना आमचा सलूनवाला विचार करायला थांबला. मंगलला मात्र थांबायची गरज वाटली नाही. "पेरणी एका रानात आणि पीक शेजाऱ्याच्या," एवढंच म्हणाली आणि बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली, जिथं माझा हात पोचत नाही.

आता किरण.

किरण चाकणच्या एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर. मूळचा बीडकडचा, आमच्या मागच्याच गल्लीत भाड्यानं राहायचा. पंचविशीत कपाळ मागं सरकायला लागलं आणि त्यावरून एक-दोन स्थळं परत गेली. डॉक्टरांनी गोळी दिली, ती चांगली मानवली. लग्न झालं. मग मूल हवं म्हणून नवरा-बायको बघायला लागले तेव्हा बसमधल्या गप्पांनी त्याच्या मनात भीती घातली. डॉक्टरांना विचारून त्यानं गोळी सोडली आणि लोशन धरलं. माझ्याच काउंटरवर. हात धुवा, वाळू द्या, मगच उशीवर डोकं टेका, हे कागदावरचं सगळं मी त्याला वाचून दाखवलं होतं आणि शेवटी माझं लाडकं वाक्यही टाकलं होतं. पुढं तो दर महिन्याला यायचा, काही न बोलता बोट करायचा, मी बाटली द्यायचो. दरम्यान त्याला मुलगी झाली. मी पेढा खाल्ला. बाटली तीच होती, किरण तोच होता, पण घर आता तेच राहिलेलं नाही, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

त्याची बायको अर्चना. बाळंतपणाला माहेरी गेली होती, बाळ तीनेक महिन्यांचं झाल्यावर परत आली. सोबतीला किरणची आई गावाहून आली. महिन्या-दीड महिन्यानं अर्चना दुकानात आली, बाळाला घामोळ्यांचं काहीतरी द्या म्हणाली. मी घामोळ्यांचं लोशन दिलं. बाळ बघितलं नाही, विचारलंही नाही. घामोळं झालं नव्हतंच. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून आपल्याकडे तेलात भिजवलेल्या कणकेचा गोळा फिरवतात. आजी तो रोज फिरवत होती, आणि लव जायच्या ऐवजी वाढतेय म्हणून रोज आणखी जोरात फिरवत होती. ते लाल चट्टे होते.

पुढच्या वेळी ती आली ती दुपारी. मी आणि मंगल दोघंच दुकानात. बाळाच्या तोंडावर रुमाल होता, उन्हासाठी असेल असं मला वाटलं. तिनं विचारलं, "काका, केस काढायची क्रीम एवढ्या लहान बाळाला चालते का?"

मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हणालो, "का गं, हळदीला नेतेस का तिला?"

ती हसली नाही. तिनं रुमाल बाजूला केला.

कपाळावरचे केस खाली उतरून भुवयांना मिळाले होते. गालांवर, दंडांवर, पाठीवर काळी मऊ लव, आणि तिच्या मधून कणकेनं घासलेली लाल कातडी. पोरगी मात्र मजेत होती, मंगलच्या बांगडीकडे हात करत होती. मंगलनं उठून तिला घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जे बोललो ते मला परत गिळावंसं वाटलं.

मग अर्चनानं सगळं सांगितलं, हुंदके न देता, एखादी चिठ्ठी वाचावी तसं. रविवारी जावळ काढायचं होतं. नातेवाईक येणार म्हणून सासूनं न्हाव्याला आधीच सांगून ठेवलं होतं, डोक्याबरोबर कपाळ, गाल, पाठ, सगळ्यावरून वस्तरा फिरव. त्याआधी क्रीमनं गेले तर वस्तरा टळेल म्हणून ती आली होती. पण गोष्ट तेवढीच नव्हती. सासूनं तिच्या आईला फोन करून विचारलं होतं की तुमच्या घरात बायकांना मिशा असतात हे आधी का नाही सांगितलं. त्यावर तिच्या भावानं सांगितलं, मी जावळाला येणार नाही. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा नाही म्हणजे पाहुण्यांसमोर काय सांगायचं? आणि आता सासू म्हणत होती, केस जाईपर्यंत लेकराला घेऊन माहेरी राहा.

"मी जाईन काका," ती म्हणाली. "पण नेऊन सोडली असं होऊन गेले तर परत नाही यायची."

तिला मी विचारलं, माहेरी असताना होते का हे केस. ती म्हणाली, "नव्हते. मी हेच सांगतेय सगळ्यांना. कुणी ऐकतच नाही." मुलांच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं का? दाखवलं होतं. मॅडमनी विचारलं होतं, वरचं काही चालू आहे का? तिनं सांगितलं होतं, नाही, अंगावरचंच.

ज्यांच्या घरात बऱ्याच वर्षांत बाळ नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईचं दूध ते अंगावरचं, आणि गाईचं, म्हशीचं, डब्याचं ते वरचं. मॅडमनी विचारलं ते सगळंच, औषध, मलम, गुटी, तेल. अर्चनानं ऐकलं ते दूध. दोघीही बरोबर होत्या. आणि मी काउंटरवर उभा राहून वर्षानुवर्षं ज्याला वरचं म्हणत आलो ते तिसरंच होतं, आणि ते बाळाच्या नव्हे, बापाच्या डोक्यावर चालू होतं.

हे मला लगेच उमगलं असं मी लिहिलं असतं, पण मंगल हा अंक वाचणार आहे. मला उमगलं ते बाळाचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा दिसला तेव्हा. माझा हात आपोआप माझ्या गालाच्या हाडाकडे गेला. मी अर्चनाला विचारलं, किरण हिला घेतो तेव्हा हिचं तोंड कुठं असतं?

ती म्हणाली, पाळीहून आला की आंघोळ करून डोक्याला ते लावतो आणि पडतो. पोरगी त्याच्याशिवाय झोपत नाही. त्याच्या उशीवर, त्याच्या डोक्याला गाल लावून. आणि कंगव्यासारखी बोटं त्याच्या केसांत घालून चोखत बसते.

मंगल म्हणाली, "अहो, फोन लावा मॅडमना."

मॅडमचा दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मी अडखळत सांगायला लागलो, पण पुरतं सांगावं लागलं नाही. बाप डोक्याला काय लावतो एवढं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या. केसांचं नंतर बघू, आधी मला तिचं हृदय आणि रक्तदाब बघू दे.

तोपर्यंत मी केसांचाच विचार करत होतो. मुळात हे रक्तदाबाचं औषध, हे मीच गिऱ्हाइकांना गोष्ट म्हणून रंगवून सांगायचो. दुकान मंगलवर सोडून मी अर्चनाबरोबर निघालो. रस्ताभर मी त्या पोरीच्या छातीकडे बघत होतो, वर-खाली होतेय ना.

सगळं ठीक निघालं. हेही इथंच सांगून टाकतो की पुढं काही महिन्यांत ते केस आपोआप झडून गेले, आता ती शाळेत जाते आणि दोन वेण्या घालते. पण त्या दिवशी मॅडमनी तपासायला घेतलेला वेळ मला फार मोठा वाटला. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं, वस्तरा नाही, कणीक नाही, क्रीम नाही. बापाची बाटली बंद, उशीचे अभ्रे, पांघरुणं, सगळं धुवा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपण दोघंही एकच शब्द वापरतो आणि दोघंही फसलो. आजपासून मी 'वरचं' म्हणणार नाही. घरात कोण कुठं काय चोळतं, असं विचारणार." मीही तेव्हापासून लोशन मागणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायला लागलो, घरात तान्हं आहे का, मांडीवर कोण बसतं, उशी कोणाची. लोकांना वाटायचं म्हातारा चौकशा फार करतो. माझं ते ठेवणीतलं वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही.

संध्याकाळी किरण आला. कंपनीचा युनिफॉर्म अंगावर, मागे अर्चना. तिनं त्याला वाटेत सांगितलं होतं. तो काउंटरला टेकून उभा राहिला आणि त्यानं बाटल्यांच्या फळीकडे पाहिलं. पहिलं वाक्य त्याचं पोरीबद्दल होतं, ती खरंच ठीक आहे ना. दुसरं स्वतःबद्दल.

"बंद केलं तर माझे जातील ना काका?"

"जातील," मी म्हणालो. "जपून लावायच्या रीती आहेत. वेगळं झोपायचं, टोपी घालायची. गोळीवर परत जाता येतं. डॉक्टरांना विचार."

तो नाही म्हणाला. ती रात्री उशी शोधत येते, म्हणाला, तिला कुठं ढकलू. मग त्यानं आपली योजना सांगितली. आईला एवढंच सांगायचं की डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलंय, हळूहळू जाईल. वस्तरा नको म्हणालेत. बास. त्याचं नाव यायची गरज काय? आईला अजून माहीत नव्हतं की तो डोक्याला काही लावतो. बाटली तो कंपनीच्या बॅगेत सेफ्टी शूजच्या आत ठेवायचा. आई अख्ख्या गावाला सांगायची की आमच्या घराण्यात कोणाला टक्कल नाही, किरणचे केस बघा, मी लहानपणी तेल मुरवलंय.

खरं सांगतो, मला योजना पटली. बाळाचं काम होत होतं, कुणाचं मन दुखत नव्हतं. मी मान हलवून "तसंही चालेल" म्हणालोसुद्धा.

अर्चना मागून म्हणाली, "मग केस कोणाकडचे राहिले?"

ते आम्हा दोघा पुरुषांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. औषधानं केस गेले असते. ते कुठून आले होते हे तसंच राहिलं असतं, तिच्या आईच्या घरावर, तिच्या मुलीवर, आणि उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी ते पुन्हा बाहेर काढलं असतं.

किरण जाताना म्हणाला, "उद्या संध्याकाळी घरी या काका. मला नीट सांगता येणार नाही."

दुसरा दिवस शनिवार. मी स्वच्छ शर्ट घातला, लोशनच्या खोक्यातला कागद खिशात घेतला आणि वाटेत भाषण जुळवलं. एका खोलीत अर्चनाचं माहेर, घराणं आणि विज्ञान यांचा निकाल लावायला निघालो होतो. किरणची आई पलंगावर बसली होती, मांडीवर नात. अर्चना स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी सुरुवात केली. कातडी, शोषण, संप्रेरकं, मुळं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मी दम खायला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे लेकरानं बाटली पेली का?"

"नाही आजी."

"मग तुमी काय सांगायलाव?"

मी खिशातला कागद काढला. तो इंग्रजीत होता.

किरण उठला. बॅगेतून बूट काढला, बुटातून बाटली काढली आणि आईसमोर पलंगावर ठेवली. "आई, हे मी लावतो. लग्नाच्या आधी गोळ्या खायचो, आता हे. माझ्या डोक्यावरचे केस ह्याचे हायत. लेकरू माझ्या डोक्याला गाल लावून झोपतं. तिचेबी ह्याचेच."

बाईंनी बाटलीला हात लावला नाही. त्यांनी मुलाच्या डोक्याकडे पाहिलं. "तुझ्या बापाचे मरेपर्यंत होते," त्या म्हणाल्या.

"माझे नव्हते राहणार."

 पोरीनं बाटलीकडे हात केला तेव्हा बाईंनी तिला पटकन दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि बाटली पायानं पलंगाच्या कडेला सारली. हे बघून मला पहिल्यांदा वाटलं की त्यांना कळलं. मग त्यांनी मला विचारलं, "लेकराचे जातील?"

"जातील आजी. आपोआप."

"आन ह्याचे?"

"ह्याचेही."

त्यांनी नातीचा लालसर झालेला दंड हातात घेतला. कणकेची वाटी खिडकीत होती. तिकडे त्यांची नजर गेली आणि परत आली.  मला वाटलं आता उठावं, पण अर्चना दारातून हलली नव्हती.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "मला काही नको. माझ्या आईला तेवढं सांगा."

"किरण सांगंल की."

"फोन तुम्ही केला होता."

बाईंनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. किरणनं खाली बघत नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडासमोर आडवा धरला, गावाकडचे लोक धरतात तसा. पलीकडे उचलला गेला. फोन स्वच्छ लागला होता, मला खुर्चीवर बसून तिकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"इहीणबाई," किरणची आई म्हणाली, "दवाखान्यात दाखवलं. लेकराचे केस आमच्याकडलेच निघाले. उद्या मामाला धाडा, मांडीवर घ्यायला."

पंखा फिरत राहिला. मग तिकडून अगदी सावकाश आवाज आला, "काय म्हणलात? ऐकू न्हाई आलं."

बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली, आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.